जॅकार्डच्या पुठ्ठ्यापासून टिफ्रॅकपर्यंत : भारतातील प्रारंभिक संगणकनिर्मितीचा मागोवा

प्रास्ताविक

मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर या परिसरात सोलापुरी चादर नसलेले घर क्वचितच सापडेल. या चादरीवरील वेलबुट्टी आणि भौमितिक आकृत्या ज्या मागावर विणल्या जातात, त्याच्या माथ्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ फिरत असते. विणकर तिला नक्षीचे साधन मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु संगणकाच्या इतिहासाचा आरंभ शोधू जाता अभ्यासकाला ज्या वस्तूपाशी थांबावे लागते, ती हीच पुठ्ठ्यांची माळ होय.

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा परदेशी यंत्रांच्या नावांची यादी म्हणून शिकविला जातो. बॅबेज, होलेरिथ, एनिॲक, मग पिढ्या : पहिली, दुसरी, तिसरी. या यादीत भारत येतो तो थेट १९८०च्या दशकात, आणि तोही बव्हंशी ग्राहक म्हणून. वस्तुतः १९५०च्या दशकात मुंबईत एक इलेक्ट्रॉनिक संगणक येथेच आराखडा करून, येथेच जोडून उभा राहिला आणि सुमारे पाच वर्षे चालला. त्याचे नाव टिफ्रॅक. हे यंत्र पूर्ण झाले तेव्हाच कालबाह्य ठरले होते, असा आक्षेप त्यावर वारंवार घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. मात्र तेवढ्यावर निकाल देणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छिद्रांची परंपरा

फ्रान्समधील लिओं शहरी जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४-०५च्या सुमारास रेशमी कापडासाठी जी यंत्रणा सिद्ध केली, तिचे तत्त्व साधे आहे. मागावर आडवा धागा टाकण्यापूर्वी उभ्या धाग्यांपैकी कोणते वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे ठरवावे लागते. जॅकार्डने प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा ठेवला. पुठ्ठ्यात जेथे छिद्र असेल तेथून सुई पार जाते, तिला जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि त्याबरोबर उभा धागाही. जेथे छिद्र नाही तेथे सुई मागे ढकलली जाते व धागा खालीच राहतो. छिद्र आहे किंवा नाही, याखेरीज तिसरी शक्यता नाही. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. माग तोच राहतो.

सोलापूरच्या विणकरांनी, विशेषतः तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाने, ही परकीय यंत्रणा पूर्णपणे आपलीशी केली. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरविणे, त्यावरून पुठ्ठे टोचणे, ते क्रमाने ओवणे, ही कामे स्थानिक कसब बनली. यंत्र बाहेरचे आणि त्याला द्यावयाच्या सूचना मात्र येथल्या, अशी ही विभागणी होती. टिफ्रॅकच्या बाबतीत ती नेमकी उलटी झाली. त्याचा विचार पुढे येईलच.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने १८३०च्या दशकात आपल्या विश्लेषक यंत्रासाठी जॅकार्डचे पुठ्ठे घेतले. त्यांतील काही पुठ्ठे क्रिया सांगणार होते आणि काही कोणत्या राशींवर ती क्रिया करायची ते सांगणार होते. १८४३ मध्ये एडा लव्हलेस हिने या यंत्रावर लिहिलेल्या टिपांत त्याची तुलना जॅकार्डच्या मागाशीच केली. यंत्र पूर्ण झाले नाही. पुढे अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत हर्मन होलेरिथने छिद्रित पत्रिका माहितीच्या वर्गीकरणासाठी वापरल्या. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. होलेरिथने स्वतः या कल्पनेचे श्रेय रेल्वेच्या तिकीट तपासनिसाला दिले होते; तो प्रवाशाचे वर्णन तिकिटावर छिद्रे पाडून नोंदवीत असे. तेव्हा जॅकार्ड, बॅबेज, होलेरिथ अशी जी सरळ वंशावळ पाठ्यपुस्तके देतात, ती वाटते तितकी सरळ नाही.

होलेरिथच्या यंत्रांचा परवाना घेऊन इंग्लंडमध्ये जी ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनी वाढली, तिनेच पुढे एचईसी-२एम हा संगणक तयार केला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने तो १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. भारतातील पहिला अंकीय संगणक हाच. तो विकत आणलेला होता. त्याच सुमारास मुंबईत मात्र वेगळाच प्रयत्न चालू होता.

कोसंबींचा प्रवास

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. आरंभी बंगळूर, नंतर मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगला आणि १९४९ पासून गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबची इमारत, असा तिचा प्रवास झाला. संस्थेच्या पहिल्या गणितज्ञांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. इतिहासाच्या अध्यापकांना कोसंबी परिचित आहेत ते प्राचीन भारताचे भाष्यकार म्हणून. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन ते इंग्लंड व अमेरिकेस गेले, ते मात्र इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. या काळात ते शिकागो विद्यापीठात भूमितीचे अभ्यागत प्राध्यापक होते आणि काही काळ प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेतही होते.

मोठ्या आकडेमोडीचा भार म्हणजे काय, हे कोसंबींइतके थोड्याच भारतीय विद्वानांना अनुभवाने ठाऊक असेल. हाताळल्याने नाणी किती झिजतात, यावरून त्यांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी हजारो आहत नाणी स्वतः तोलली होती आणि त्यांच्या वजनांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले होते. अशा माणसाला गणकयंत्राचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. तथापि मुंबईतील संगणक त्यांच्या हातून घडला नाही. तो गणित विभागातून न येता पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिकीच्या बाजूने आला. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करणारे कोसंबी १९६२ पर्यंत संस्थेत होते. संस्थेच्या प्रायोगिक यंत्राने १९५६ मध्ये काम सुरू केले, त्याच वर्षी त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना मांडणारा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला.

टिफ्रॅकची घडण

कोसंबी प्रिन्स्टनला गेले त्या वेळी तेथे जॉन फॉन नॉयमान यांच्या मार्गदर्शनाखाली एका नव्या संगणकाची उभारणी चालू होती. १९४६ मध्ये प्रकट झालेला एनिॲक वेगवान होता. परंतु त्याला नवे काम द्यायचे तर तारा काढून पुन्हा जोडाव्या लागत. प्रिन्स्टनच्या यंत्रात सूचना आणि अंक एकाच स्मृतीत, एकाच रूपात साठविले जाणार होते. हा फरक मूलगामी आहे. जॅकार्डची माळ ठरलेल्या क्रमानेच फिरते. नक्षीच्या मध्यावर येऊन ती स्वतःचा क्रम बदलू शकत नाही. स्मृतीत साठवलेली आज्ञावली मात्र मिळालेल्या उत्तरानुसार पुढची वाट निवडू शकते. या यंत्राचा आराखडा संस्थेने खुला ठेवला. परिणामी त्यावर बेतलेली यंत्रे अनेक देशांत उभी राहिली. इलिनॉय विद्यापीठाचे इलिॲक, स्टॉकहोमचे बेस्क, सिडनीचे सिलिॲक, इस्राएलचे वायझॅक ही त्यांपैकी काही. टिफ्रॅकही याच कुळातले.

या कामाचे नेतृत्व डॉ. आर. नरसिंहन यांच्याकडे होते. मद्रासला अभियांत्रिकीचे शिक्षण, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट, अशी त्यांची पार्श्वभूमी. १९५४ मध्ये ते संस्थेत आले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते. त्यांच्याभोवती जमलेला गट लहान होता आणि त्यातील बहुतेकांनी तोपर्यंत संगणक प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. म्हणून थेट मोठे यंत्र न करता आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र करावे, असे ठरले. हा निर्णय महत्त्वाचा होता. चुका करण्याची सोय त्यामुळे झाली, आणि त्या स्वस्तात करता आल्या. १९५६च्या अखेरीस हे छोटे यंत्र चालू लागले, तेव्हा संगणक येथे बांधता येतो की नाही हा प्रश्न उरला नाही. किती मोठा बांधता येतो, एवढाच उरला.

पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. त्यात २,७०० निर्वात नलिका, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. मुख्य सांगाडा पोलादी असून तो १८ फूट लांब, ८ फूट उंच व अडीच फूट रुंद होता. दोन्ही बाजूंनी पोलादी दारे होती, ती उघडून आतील मंडले तपासता येत. ही दारे शोभेची नव्हती. निर्वात नलिका तापते आणि आज ना उद्या निकामी होते. हजारो नलिकांच्या यंत्रात कोणती तरी एक सतत बिघडण्याच्या वाटेवर असणारच. त्यामुळे अशा यंत्राची देखभाल हा त्याच्या वापराचाच भाग असतो, आणि ज्यांनी यंत्र जोडले त्यांच्याइतकी ती देखभाल दुसऱ्याला साधत नाही.

टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. प्रत्येक कडी एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित होते आणि त्यावरून १ किंवा ० ओळखला जातो. ४० बिटांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द. याचा अर्थ ८१,९२० कड्या. उभ्या-आडव्या बारीक तारांच्या प्रत्येक छेदावर एकेक कडी ओवलेली, अशी ही जाळी असते. तिचे छायाचित्र पाहणाऱ्या सोलापूरच्या माणसाला ताणा आणि बाणा आठवल्यावाचून राहणार नाही. आजच्या हिशेबाने ही सारी स्मृती दहा किलोबाइट भरते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या मापाने टिफ्रॅकच्या संपूर्ण स्मृतीत मराठीची जेमतेम दोन छापील पाने मावली असती. एवढ्याशा जागेत शास्त्रज्ञांना सूचना आणि राशी दोन्ही बसवायच्या होत्या. सूचना ० आणि १ यांच्या यांत्रिक भाषेत लिहाव्या लागत आणि छिद्रित कागदी फितीवरून यंत्राला दिल्या जात. पुठ्ठ्याची जागा फितीने घेतली होती, छिद्र कायम होते. उत्तरे टेलिप्रिंटरवर रोमन लिपीत उमटत. त्याशिवाय आलेख व अक्षरे दाखविणारा कॅथोड किरण नलिकेचा पडदाही या यंत्राला जोडला होता. उत्तर कागदाऐवजी पडद्यावर पाहण्याची सोय त्या काळी अनेक परदेशी यंत्रांतही नव्हती. या पडद्याच्या कामाशी संबंधित पी. व्ही. एस. राव यांनी पुढे संस्थेत वाणी-ओळखीच्या संशोधनाचा पाया घातला.

जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी कुलाबा येथील संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन केले, त्या प्रसंगी यंत्राला टिफ्रॅक हे नाव रीतसर देण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. एकाच राज्यातील या दोन घटनांमध्ये त्या वेळी कोणताही दुवा नव्हता.

कालबाह्यतेचा आक्षेप

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७चा. १९५४-५५ मध्ये टिफ्रॅकचा आराखडा होत असताना निर्वात नलिका हाच संगणकाचा भरवशाचा घटक होता. ट्रान्झिस्टर महाग आणि बेभरवशाचे होते. पुढील पाच वर्षांत चित्र पालटले. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ हे पूर्णतः ट्रान्झिस्टरवर आधारलेले यंत्र जाहीर केले आणि १९६१ मध्ये त्यातील एक यंत्र मुंबईतच एस्सो कंपनीच्या कार्यालयात बसविण्यात आले. म्हणजे कुलाब्यात नलिकांचे यंत्र चालू असताना त्याच शहरात पुढच्या पिढीचे यंत्र हिशेब करू लागले होते. एकाच पिढीचे तंत्र शिकण्यास लागणारा काळ त्या तंत्राच्या आयुष्याहून अधिक असेल, तर शिकणारा नेहमीच एक पाऊल मागे राहणार. त्यात १९५७ पासून देशाला परकीय चलनाची तीव्र टंचाई होती, त्यामुळे आराखडा मध्येच बदलून नवे सुटे भाग मागविणे सोपे नव्हते.

परंतु यंत्राचे मूल्य केवळ वेगाने मोजले, तर टिफ्रॅकच्या कुळातील बहुतेक यंत्रे निरर्थक ठरतील. स्टॉकहोम आणि सिडनीची यंत्रेही थोड्याच वर्षांत मागे पडली. स्वतः यंत्र बांधणाऱ्या गटाला जे कळते, ते यंत्र विकत घेणाऱ्याला कळत नाही. स्मृती का अडखळते, गणनेचा वेग कोठे अडतो, कोणते काम यंत्राला देण्याजोगे आहे आणि कोणते नाही, हे ज्ञान माहितीपत्रकातून येत नाही. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशभरातील विद्यापीठे व संशोधन संस्था त्याचा वापर करू लागल्या. तो चालविण्यास माणसे तयार होती, याचे कारण टिफ्रॅक होते.

टिफ्रॅकवरील खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो यंत्राच्या कर्त्यांवर येत नाही. हे यंत्र प्रयोगशाळेबाहेर पडले नाही. त्याची दुसरी प्रत झाली नाही. कोणत्याही कारखान्याने त्याचा आराखडा उचलला नाही. सोलापुरात बाहेरून आलेला माग गल्लीगल्लीत पसरला आणि त्याला सूचना देण्याचे कसब शेकडो घरांत गेले. मुंबईत घडलेले यंत्र एका वातानुकूलित खोलीतच राहिले. सीडीसी आल्यावर १९६५च्या सुमारास ते बंद झाले. त्यानंतर संस्थेत लहान यंत्रांचे काम चालू राहिले, परंतु देशाची गरज मुख्यतः आयातीने आणि आयबीएमने भाड्याने दिलेल्या, बहुधा जुन्या दुरुस्त यंत्रांनी भागविली गेली. १९७८ मध्ये विदेशी भागभांडवलाच्या नियमांवरून आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा ही पोकळी साऱ्यांच्याच लक्षात आली.

संगणकाकडे समाज कसा पाहत होता, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. १९६०च्या दशकाच्या मध्यास आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे ठरविताच कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. नोकऱ्या जातील, ही भीती निराधार नव्हती. गिरण्यांच्या सोलापुरात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. केंद्र शासनाने नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते. ज्या देशात लिपिकाची नोकरी हीच मध्यमवर्गाची मोठी आशा होती, तेथे संगणक कचेरीत येण्यापूर्वी वादात आला.

पुढील धागे

टिफ्रॅकच्या गटातील माणसे मात्र विखुरली नाहीत. नरसिंहन १९६०च्या दशकाच्या आरंभी काही काळ इलिनॉय विद्यापीठात गेले, तेथे त्यांनी बुद्बुद-कक्षातील छायाचित्रांचे यंत्राकरवी वाचन करण्याच्या पद्धतीवर काम केले आणि परत येऊन भाषा व आकृती-ओळख या विषयांकडे वळले. टाटा संस्थेच्या आश्रयाने १९७०च्या दशकात सुरू झालेले सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्राचे राष्ट्रीय केंद्र पुढे १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, अर्थात एनसीएसटी, या नावाने जुहू येथे स्वतंत्र झाले.

दरम्यान पुण्यात दुसरा प्रयत्न आकाराला येत होता. अमेरिकेकडून हवा तितका सामर्थ्यशाली महासंगणक मिळत नाही, हे स्पष्ट झाल्यावर १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातून आलेले डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख होते. १९९१ मध्ये परम ८००० हे यंत्र सिद्ध झाले. त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते. अनेक प्रक्रियकांना एकत्र जुंपण्याची रचना आणि आज्ञावली येथली. सुटे भाग बाहेरून व रचना येथली, ही टिफ्रॅकचीच रीत होती. फरक असा की, परमच्या प्रती झाल्या आणि त्या अन्य संस्थांत, काही परदेशांतही, बसविल्या गेल्या.

पुण्याच्या या केंद्रात मोहन तांबे यांच्या गटाने भारतीय लिपींसाठीच्या जिस्ट तंत्राचा विकास केला. त्याचा प्रारंभ आयआयटी कानपूर येथे झाला होता. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली गेली. एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि कुलाब्याचा धागा पुण्याच्या धाग्याला येऊन मिळाला. सुलेखनकार र. कृ. जोशी हे मुंबईच्या या केंद्रात अभ्यागत अभिकल्पतज्ज्ञ होते. विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेला मंगल हा देवनागरी टंक त्यांनी रेखाटलेला आहे. मंगळवेढ्यातील महाविद्यालये २००४ मध्ये नव्या सोलापूर विद्यापीठाला जोडली गेली, त्या सुमारास तालुक्याच्या कचेऱ्यांत आणि संगणककक्षांत जे मराठी मजकूर पडद्यावर दिसू लागले होते, त्यांपैकी कितीतरी याच टंकात होते.